कांदा-भावाच्या ग्रुपचं चित्र काढताना: गेफी वापरून बघितलं

आमच्या निफाड तालुक्यात संध्याकाळी घराघरातले मोबाइल एकदम वाजायला लागले की समजायचं, लासलगाव बाजारातले कांद्याचे भाव आले. "उन्हाळ कांद्याला काय निघाला?" "सरासरी सांगा." "पिंपळगावला शंभराने जास्त होता म्हणे." मी इथल्याच एका कॉलेजात 22 वर्षं समाजशास्त्र शिकवते, आणि माझं माहेरही कांदेवाल्यांचंच. गेल्या उन्हाळ्यात आम्ही असाच एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अभ्यासाला घेतला. एकूण 143 माणसं, आसपासच्या पाच-सहा गावांतली. कोण कोणाला विचारतं, उत्तर कोण देतं, बातमी एका गावातून दुसऱ्या गावात कुठून शिरते, हे बघायचं होतं. त्यासाठी गेफी नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. माझ्यासारख्या, संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय.

गेफी फुकट आहे आणि मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता येतो. फ्रान्समधल्या तरुण मंडळींनी ते बांधलं. मॅथ्यू बास्तियाँ, सेबास्तियाँ हेमान आणि मॅथ्यू जाकोमी यांचा त्यावरचा निबंध 2009 चा. काम एकच: माणसं म्हणजे ठिपके आणि त्यांच्यातले संबंध म्हणजे रेघा, अशी जाळी काढून द्यायची आणि ती मोजायची.

ही कल्पना आमच्या विषयाला नवी नाही. याकोब मोरेनो नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन इथल्या मुलींच्या निवासी शाळेतून 1932 साली दोन आठवड्यांत 14 मुली पळाल्या, तेव्हा मोरेनोंनी मुलींचे स्वभाव तपासत बसण्याऐवजी कोणाची कोणाशी मैत्री आहे याचे नकाशे काढले. पळून जाण्याची कल्पना त्या मैत्रीच्या वाटांनीच पसरली, असं त्यांनी दाखवलं. असा नकाशा म्हणजे सोशिओग्राम. तो मी दरवर्षी फळ्यावर खडूने काढायचे. बारा-पंधरा मुलांचा वर्ग असेपर्यंत जमतं, त्यापुढे नुसता गुंता होतो. गेफीत पहिल्यांदा आमची जाळी उलगडताना बघितली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे मोकळेपणाने सांगते.

पण त्याआधीचं काम हाताचंच होतं. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप एक्सपोर्ट केला तर मेसेज येतात, पण कोणता मेसेज कोणाला उत्तर म्हणून टाकला ते त्या फाइलीत येत नाही. म्हणून आधी ग्रुपवर सगळ्यांची परवानगी मागितली. दोघांनी नको म्हटलं, त्यांच्या नोंदी वगळल्या. बाकीच्यांना नावांऐवजी क्रमांक दिले. मग पाच विद्यार्थी महिनाभराचे मेसेज एकेक करून वाचत रजिस्टरमध्ये उतरवत बसले: 12 ने 31 ला उत्तर दिलं, 31 ने 8 ला विचारलं. तीन आठवडे लागले. नंतर आमच्या संगणक विभागातल्या सरांनी ते एक्सेलमध्ये घालून घेतलं. पहिल्या रकान्याला सोर्स आणि दुसऱ्याला टार्गेट असं नाव द्यायचं आणि फाइल सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) म्हणून ठेवायची, एवढंच गेफीला लागतं. महिनाभरात बोललेली माणसं निघाली 61.

वर तीन टॅब आहेत. डेटा लॅबोरेटरीत तक्ता, ओव्हरव्ह्यूमध्ये जाळी आणि प्रिव्ह्यूमध्ये छापायचं चित्र. फाइल घेतली की आधी सगळे ठिपके कसेही विखुरलेले दिसतात. डावीकडे लेआउटमध्ये फोर्सअ‍ॅटलस 2 निवडून रन दाबायचं. ठिपके एकमेकांना ढकलतात, रेघा मात्र स्प्रिंगसारख्या जवळ ओढतात. असं रेटारेटी करत ते चित्र हळूहळू स्थिरावतं. आमचं स्थिरावलं तेव्हा दोन मोठे पुंजके झाले होते आणि मधे चार-पाच रेघांची अरुंद पट्टी. मुलं ओरडलीच, "मॅडम, हा चांदवडकडचा रस्ता आणि हा गोदाकाठ!" गावांची नावं आम्ही फाइलीत घातलीच नव्हती.

इथे नवख्या माणसाची हमखास अडचण होते, म्हणून सांगते. दोन बाजूंना जोडणारा माणूस कोण, हे बिटवीननेस या मापावरून कळतं. जाळीतल्या कोणत्याही दोघांमधल्या सगळ्यांत जवळच्या वाटा किती वेळा एखाद्या ठिपक्यावरून जातात, त्याचा हा हिशोब. पण त्या नावाचं बटण उजवीकडच्या यादीत दिसतच नाही. नेटवर्क डायमीटर चालवलं की हे माप त्यातच निघतं. मग अपिअरन्समध्ये जाऊन ठिपक्यांचा आकार त्याप्रमाणे लावायचा.

आमच्या जाळीत सगळ्यांत मोठा झाला क्रमांक 23. महिनाभरात याचे मेसेज जेमतेम अठरा. ग्रुपचे अ‍ॅडमिन दिवसाला तेवढे टाकतात, पण त्यांचा ठिपका एका पुंजक्याच्या पोटात बारीकसा. हे 23 म्हणजे पिकअप चालवणारे एक भाऊ. सोमवारी लासलगाव, मंगळवारी पिंपळगाव, ज्याचा माल असेल तिकडे. दोन्ही बाजूंना त्यांची ओळख आहे, जिगरी दोस्ती मात्र कुठेच नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली हेच मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणारे फक्त 16.7 टक्के निघाले. जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. हा धडा मी बावीस वर्षं शिकवतेय, पण मुलांच्या डोळ्यांत तो उतरलेला त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

आता क्रमांक 47. हा ठिपका मधल्या पट्टीवरच होता. बाजारभावाबरोबरच चाळीतला, म्हणजे साठवणीच्या शेडमधला, कांदा सडतोय का, काजळी (काळी बुरशी) कशी ओळखायची, असे नेमके प्रश्न तिथून यायचे आणि दोन्हीकडचे लोक उत्तर द्यायचे. त्यांच्या घरी गेलो. ओटीवर दादा बसले होते. विचारलं तर म्हणाले, "मला कुठं टाइप करता येतं? आमच्या सूनबाई करतात." सूनबाई आतून हात पुसत आल्या. नंबर सासऱ्यांचा, प्रश्न सूनबाईंचे. माहेर नदीच्या पलीकडे, म्हणून तिकडच्या लोकांशी बोलायला संकोच नाही. कांदा चाळीत भरण्यापासून निवडण्यापर्यंत सगळं त्याच बघतात. ग्रुपवर त्यांना सगळे "काका" म्हणतात! मी रजिस्टरमध्ये 47 पुढे "पुरुष, वय 68" असं लिहून ठेवलं होतं. ते खोडताना मला फार वाईट वाटलं. बाईच्या कामाची नोंद तिच्या नावावर होत नाही, हे वर्गात तळमळीने सांगणारी मी, आणि तीच चूक माझ्या तक्त्यात.

यात गेफीचा दोष नाही, ते दिलेला तक्ता काढतं. पण काही गोष्टी वापरणाऱ्याने आधीच समजून घ्यायला हव्यात. तक्त्यात फक्त बोलणारे घातले, की निव्वळ वाचणारी माणसं चित्रात येतच नाहीत. आमची अशी ऐंशी होती. लेआउट पुन्हा चालवला की चित्र फिरतं, वरचं खाली जातं, त्यामुळे "हा डावीकडे आहे" याला काही अर्थ नाही. गट पाडणारं मॉड्युलॅरिटी बेल्जियममधल्या लुव्हँ विद्यापीठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 2008 च्या पद्धतीवर चालतं. ते दर वेळी अगदी तेच गट देईल असं नाही. आम्हाला एकदा चार मिळाले, एकदा पाच. पाच-सहा वेळा चालवा आणि जे गट टिकतात त्यांच्याबद्दलच बोला. केलेलं मागे घ्यायची, म्हणजे अनडूची सोय नाही, तेव्हा मोठा बदल करण्याआधी फाइलची वेगळी प्रत ठेवा. मेनू मराठीत नसल्याने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मी बटणांची नावं देवनागरीत लिहून एक पान लॅबमध्ये लावलं, त्याचा खूप उपयोग झाला.

पाचपैकी साडेचार तारे देते, आणि समाजशास्त्र, भूगोल, ग्रामीण विकास शिकवणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगते, हे वापरा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली, संगणकशास्त्रज्ञ वेंडी हॉल आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये वेब सायन्स म्हणून वेबच्या वेगळ्या अभ्यासाची हाक दिली, तेव्हा संगणकवाले आणि समाजाचा अभ्यास करणारे एका टेबलाशी बसावेत हेच त्यांना हवं होतं. आमच्याकडे ते टेबल म्हणजे लॅबच्या कोपऱ्यातलं एक डुगडुगणारं बाक. सर बटणं सांगायचे, मी घरं सांगायचे.

लाल कांदा बाजारात यायला लागला की पुढचा महिना मोजणार आहोत. रजिस्टरला एक रकाना वाढवलाय: मेसेज कोणी टाइप केला.