लिनक्सवर यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह: आठ महिने आणि एक वीतभर वायर

ड्राइव्ह चांगला आहे. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरतात त्या मोफत सिस्टीमवर, चालतो, आमच्याकडे जवळजवळ रोज चालतो. पण त्याची वायर वीतभर आहे आणि त्या वायरीपायी माझे तीन महिने, सर्व्हिस सेंटरच्या दोन फेऱ्या आणि वर साडेसहाशे रुपये गेले. कुणाचे तरी वाचावेत म्हणून सविस्तर लिहितेय.

टीव्हीखालचा जुना डीव्हीडी प्लेअर दिवाळीच्या तोंडावर बंद पडला. दुरुस्तीवाले म्हणाले, लेन्स गेलीय आणि आता ती मिळत नाही. घरात ११२ डिस्क. निम्म्याहून जास्त नाटकांच्या व्हीसीडी, बाबांनी नाट्यगृहाबाहेरच्या टेबलावरून आणि एसटी स्टँडवरच्या दुकानातून एकेक करून घेतलेल्या. बाकी डीव्हीडी: नाटकं, कीर्तनं, भावाच्या लग्नाच्या दोन. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिला हेच बघायचं असतं. सगळे सांगतात, नेटवर सगळं मिळतं. आमच्यातली कितीतरी नाटकं मी शोधली, नाही मिळाली.

कॉम्प्युटर जुना, छोट्या कॅबिनेटचा, आत ड्राइव्हला जागाच नाही. त्यावर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) आहे आणि तो उत्तम चालतोय, त्यामुळे डिस्क बघायला नवीन मशीन घेणं मला पटणारं नव्हतं. बाहेरून लावायचा ड्राइव्ह १,२०० रुपयांना आला. खोक्यावर विंडोज, मॅक, लिनक्स अशी तिन्ही नावं छापलेली.

लावल्याबरोबर ओळखला, ड्रायव्हर वगैरे काही नाही. ट्रे फार नाजूक आहे. डिस्क मधल्या खुंटीवर ‘कट’ आवाज येईपर्यंत दाबावी लागते, आणि दाबताना दुसऱ्या हाताचा अंगठा ट्रेखाली धरावा लागतो, नाहीतर ट्रे वाकतो. आईला हे मी चार वेळा करून दाखवलं, आता ती माझ्यापेक्षा सफाईने करते.

पहिल्या आठवड्यात वायर पुरेना म्हणून ड्राइव्ह कॅबिनेटच्या मागे जमिनीवर, पाटावर ठेवला होता. व्हीसीडीवर नुसतं डबल क्लिक करून भागलं नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ओपन डिस्क’मध्ये जाऊन डीव्हीडीऐवजी व्हीसीडी निवडलं, की नाटक सुरू. लग्नाची डीव्हीडीही लागली. मग विकतची नाटकाची डीव्हीडी घातली, तर पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर.

यामागचं कारण माहीत असलं की निम्मा त्रास वाचतो. फोटोग्राफरने कॉपी करून दिलेल्या लग्नाच्या डिस्कला कुलूप नसतं. व्हीसीडीलाही नसतं. विकतच्या बऱ्याच डीव्हीडींवर मात्र सीएसएस नावाचं कुलूप असतं आणि ते उघडणारी लिबडीव्हीडीसीएसएस ही लायब्ररी (म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) बहुतेक लिनक्समध्ये कायद्याच्या अडचणींमुळे आधीपासून घातलेली नसते. उबंटू आणि मिंट या लिनक्सवर ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ हे पॅकेज घ्यायचं आणि मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्याच्यावर डीपीकेजी-रीकॉन्फिगर ही आज्ञा चालवायची. ही दुसरी पायरी बरेच जण विसरतात. पहिल्या पायरीत लायब्ररी येतच नाही, फक्त ती आणणारं पॅकेज येतं. दुसऱ्या पायरीला ते व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनकडून मूळ कोड उतरवतं आणि तुमच्याच मशीनवर लायब्ररी तयार करतं. नेट चालू हवं. पाच मिनिटांत झालं आणि तीच डिस्क स्वच्छ लागली. पडदा वर गेला तेव्हा आईने टाळी वाजवली.

हे कुलूप अवघ्या ४० बिटांच्या, म्हणजे सहज फोडता येईल अशा छोट्या किल्लीचं आहे. १९९९ मध्ये ते उघडणारा प्रोग्राम नॉर्वेतल्या योन लेक योहान्सनने जगासमोर आणला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याच्यावर खटला भरला. विकत घेतलेली डिस्क आपल्या मशीनवर बघण्याचा आपल्याला हक्क आहे, ही त्याची बाजू होती आणि २००३ मध्ये खालच्या आणि वरच्या दोन्ही न्यायालयांनी त्याला निर्दोष ठरवलं. बाबांनी पैसे मोजून घेतलेलं नाटक आज आईला दिसतं, ते अशा लोकांनी हट्ट सोडला नाही म्हणून. मला त्याचं मोल फार वाटतं.

असो. ज्या रविवारी लायब्ररी घातली, त्याच रविवारी मी आणखी एक गोष्ट केली. आईला डिस्क बदलायला जमिनीवर वाकावं लागू नये म्हणून बाजारातून दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर ८० रुपयांना आणली आणि ड्राइव्ह टेबलावर घेतला. आणि त्याच दिवसापासून नाटक दहा-पंधरा मिनिटांनी थांबायला लागलं. चित्र गोठायचं, ड्राइव्ह कण्हल्यासारखा आवाज करायचा आणि कॉम्प्युटरवरून त्याचं नावच गायब व्हायचं.

मी दोष लायब्ररीला दिला. तीनदा काढून घातली. मग ड्राइव्हला दिला आणि सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या मुलाने त्याच्या लॅपटॉपला लावला, पाच मिनिटं चालवला आणि म्हणाला, “मॅडम, लिनक्सला सपोर्ट नाही, विंडोजवर चालतोय.” मी खोक्यावरचं लिनक्स दाखवलं. तो म्हणाला, ते वरून छापून येतं. दुसऱ्या खेपेला त्याच्या साहेबांनीही तेच सांगितलं. वॉरंटीत असलेली वस्तू तशीच परत हातात घेऊन मी निघाले.

इथपर्यंत मी एप्रिलमध्ये लिहून ठेवलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, घेऊ नका. ते आता खोडलंय.

मे महिन्यात एकदा नाटक थांबल्याबरोबर टर्मिनलमध्ये डीमेसेज, म्हणजे सिस्टीमने ठेवलेली घडामोडींची नोंद, पाहिलं. आधी ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ अशी ओळ होती, डिस्क वाचता न आल्याच्या तक्रारी तिच्यानंतर. म्हणजे वाचता येईना म्हणून ड्राइव्ह गेला असं नव्हतं. ड्राइव्ह गेला म्हणून वाचणं थांबलं होतं. मग तो उलटा केला. खालच्या लेबलवर बारीक अक्षरात ५ व्होल्ट, १.५ अँपिअर. माझ्या मशीनचे पोर्ट यूएसबी २.० चे, नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अर्धा अँपिअर देणारे. मागच्या पोर्टला थेट लावल्यावर कसंबसं भागत होतं. मध्ये दीड मीटरची स्वस्त, बारीक तारेची वायर आली की तिच्यातच व्होल्टेज पडतं, आणि मोटरने जोर घेतला की ड्राइव्ह बंद. एक्स्टेन्शन काढली, पाटावर ठेवला, अडीच तासांचं नाटक एका दमात झालं.

ड्राइव्हला मी उगाच दोष दिला, हे मान्य. पण दोष वायरीचा आहे आणि वायर कंपनीचीच आहे. ती ड्राइव्हच्या पोटातून निघते, बदलता येत नाही. अजून हातभर लांब, जाड तार दिली असती किंवा सोबत दोन पोर्टमधून वीज घेणारी दोन तोंडांची वायर दिली असती, तर त्यांचे असे किती पैसे गेले असते? लेबलवर १.५ अँपिअर छापणाऱ्याला हे माहीत असतंच. सर्व्हिस सेंटरमधल्या कुणीतरी एकदा लेबल वाचून विचारलं असतं, “मध्ये एक्स्टेन्शन लावलीय का?”, तरी झालं असतं. त्याचा राग अजून आहे.

उपाय एकच: स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब, म्हणजे भिंतीच्या प्लगमधून वीज घेणारी अनेक पोर्टांची डबी. ६५० रुपये. तो टेबलावर ठेवला, ड्राइव्ह त्याला लावला, तेव्हापासून एकदाही गायब झालेला नाही. घेतानाच दोन्हींची किंमत धरा.

मावसबहिणीने अमेरिकेहून आणलेली एक डीव्हीडी रीजन १ ची, म्हणजे जगाच्या दुसऱ्या विभागासाठी बनवलेली निघाली. भारत रीजन ५ मध्ये येतो. ड्राइव्हचा रीजन पाचच वेळा बदलता येतो, नंतर कायमचा ठरतो, म्हणून मी त्याला हात लावला नाही. लिबडीव्हीडीसीएसएसने किल्ली गणिताने शोधून काढली. पहिल्यांदा सुरू व्हायला बराच वेळ लागला, पुढच्या वेळी लगेच, कारण सापडलेल्या किल्ल्या ती होम फोल्डरमध्ये जपून ठेवते. सगळ्याच ड्राइव्हवर हे जमत नाही, माझ्यावर जमलं.

आता एकेक डिस्क हार्ड डिस्कवर उतरवतेय. भावाच्या लग्नाची २००८ ची डिस्क कडेला चरे पडलेली, व्हीएलसी मंगलाष्टकांशी अडकायचं. तिला डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून माहिती वाचवणारा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवलं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, मग अवघड जागी पुन्हा पुन्हा फिरतं, आणि कुठवर आलं याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्ये वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नाही. सकाळी पाहिलं तर तिसऱ्या अष्टकाला चित्र क्षणभर थबकतं, बाकी सगळं आलंय. अक्षता टाकणारे बाबा आलेत.

४३ डिस्क झाल्या, ६९ राहिल्यात.