न्यूझीलंडचा हट पास: ट्रेल अर्धवट सुटला तरी पैसे वसूल

न्यूझीलंडचा ते अरारोआ ट्रेल करायचं डोक्यात असलेले लोक हल्ली सारखं विचारतात की डॉकचा सहा महिन्यांचा बॅककंट्री हट पास घ्यावा का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. घ्या, डोळे झाकून घ्या. माझा ट्रेल मार्च २०२० मध्ये कोविडमुळे लेक टेकापोला बंद पडला आणि पासवरचे बरेच दिवस तसेच वाया गेले, तरी हेच सांगेन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ते अरारोआ म्हणजे केप रिएंगापासून ब्लफपर्यंत, देशाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत साधारण ३००० किमी. डॉक म्हणजे तिथलं डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशन, यांच्या डोंगरात साडेनऊशेच्या वर हट्स, म्हणजे ट्रेकर्सनी रात्र काढायच्या खोल्या, आहेत. तेव्हा सहा महिन्यांचा पास ९२ न्यूझीलंड डॉलरला होता, स्टँडर्ड म्हणजे साध्या हटची रात्र ५ डॉलर आणि सर्व्हिस्ड म्हणजे जरा जास्त सोयीच्या हटची १५, म्हणजे सर्व्हिस्डमध्ये सातव्या रात्रीपासून तुम्ही जवळजवळ फुकटात झोपताय. साउथ आयलंडला नुसत्या रिचमंड रेंज आणि नेल्सन लेक्समध्येच पैसे जवळपास वसूल होतात.

आता मिळतं काय. लाकडी फळीवर गादी, छपरावरून टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी, बऱ्याच ठिकाणी लाकडाची शेगडी, आणि बाहेर लाँग ड्रॉप, म्हणजे खड्ड्याचा संडास. स्टोव्ह आणि भांडी आपली आपण न्यायची, वीज विसरा. हरिश्चंद्रगडावर गुहेत नाहीतर देवळात पथारी टाकलेल्या माणसाला तर हे फाइव्ह स्टार वाटतं, नुसत्या त्या गादीसाठी मी पाच डॉलर आनंदाने देईन. पण पास म्हणजे रिझर्वेशन नाही हं, आधी येईल त्याची गादी, उशिरा पोचलात तर जमिनीवर नाहीतर तंबूत. आणि ग्रेट वॉक्सच्या, म्हणजे डॉकच्या सगळ्यात प्रसिद्ध ट्रेक्सच्या, हट्सवर हा चालत नाही, त्यामुळे तोंगारिरो आणि व्हांगानुई नदीच्या टप्प्याचं वेगळं बुकिंग करून वेगळे पैसे भरावे लागतात. नॉर्थ आयलंडला तारारुआ रेंज सोडली तर पासचा फार उपयोगच नाही, म्हणून उत्तरेकडून निघणाऱ्यांनी पहिल्या दिवशीच घेऊन मुदत जाळू नका.

पण या सगळ्यात माझ्या मते खरी सर्व्हिस म्हणजे इंटेन्शन्स बुक. प्रत्येक हटमध्ये एक वही असते, त्यात नाव, देश, कुठून आलो, कुठे चाललो, तारीख. हरवलात तर शोधणारे आधी ही वही बघतात. रंगिटाटा नदीच्या पलीकडे टू थंब या डोंगररांगेत फोनला रेंज नाही, आणि मार्चच्या त्या आठवड्यात आम्हाला जगाची जी काय खबर लागली ती या वहीतून आणि टेकापोच्या बाजूने उलट चालत येणाऱ्यांकडून. रॉयल हटमध्ये (१९७० मध्ये प्रिन्स चार्ल्स आणि प्रिन्सेस अ‍ॅन हेलिकॉप्टरने येऊन गेले म्हणून हे नाव, बाकी राजेशाही काही नाही, पत्र्याची खोली) कोणीतरी लिहून ठेवलं होतं की बॉर्डर बंद झालीये, त्याखाली दुसऱ्याने की भारताने २२ पासून इंटरनॅशनल विमानं बंद केलीयेत, आणि त्याखाली तिसऱ्याने उंदरांची तक्रार! मी दुसऱ्या दिवशी स्टॅग सॅडल चढले, १९२५ मीटर, अख्ख्या ट्रेलचा सगळ्यात उंच पॉइंट, समोर टेकापोचं निळं पाणी, आणि डोक्यात विमानाचं तिकीट.

२३ मार्चला खाली उतरले तेव्हा तिथल्या त्या वेळच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्ननी जाहीर केलं होतं की आत्तापासून लेव्हल ३, ४८ तासांनी लेव्हल ४, म्हणजे पूर्ण लॉकडाउन. २५ च्या रात्री ११:५९ ला जिथे असाल तिथेच राहा. डॉकने हट्स आणि कॅम्पसाइट्स बंद केल्या. ब्लफ पाचशे किमीपेक्षा जास्त लांब होतं आणि काही जण म्हणत होते की डोंगरात आपण एकटेच असतो, आपल्याने काय पसरणार, चालत राहू. मला ते पटलं नाही. एकाच गाद्यांवर रोज नवे लोक झोपतात, एकाच टाकीचा नळ सगळे पिरगाळतात, आणि कोणाचा पाय मोडला तर हेलिकॉप्टर आणि बेड त्याच हॉस्पिटलचा लागणार. बंद केलं ते बरोबरच केलं. बस पकडून क्राइस्टचर्चला एका ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे गेले आणि लॉकडाउनभर त्यांच्याकडे पोळ्या लाटल्या.

पासच्या रिफंडच्या फंदात मी पडलेच नाही, व्हिसाही सरकारने आपोआप २५ सप्टेंबरपर्यंत वाढवला, तिथे काही अडलं नाही. अडलं ते भारतात घेतलेल्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये, नाव घेत नाही, पण महामारी एक्सक्लुजनमध्ये अगदी बारीक अक्षरात होती आणि एजंटला फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये. आता पॉलिसी घेताना ते पान आधी वाचा, प्रीमियम नंतर बघा.

पासला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण दर आणि कुठल्या हटवर चालतो ते अधूनमधून बदलत असतं, तर निघण्याआधी डॉकच्या साइटवर बघूनच घ्या, माझे आकडे २०२० चे आहेत.

उरलेलं टेकापो ते ब्लफ करायला जाईन तेव्हा मात्र पास घेणार नाही. त्या टप्प्यात हट्स कमी आणि बहुतेक साध्याच, स्टोडीज, रोझेस, मार्टिन्स वगैरे, त्यात निम्म्या रात्री तंबूत किंवा गावात जाणार, तेवढ्यासाठी हटची एकेका रात्रीची सुटी तिकिटं स्वस्त पडतात.