सोरेंतोच्या टूर, फूड टूर आणि तो मीटिंग पॉइंट: आठ महिन्यांचा अनुभव

हा रिव्ह्यू मी मे महिन्यातच लिहायला बसले होते आणि तेव्हा पूर्ण केला असता तर एका ओळीत संपला असता, की इटलीतल्या सोरेंतोत कुठलीच टूर घेऊ नका. आता नोव्हेंबर उजाडलाय, मत बरंच बदललंय, पण मेमधला राग काही गेलेला नाही म्हणून आधी तोच सांगते.

आम्ही मार्चपासून नेपल्सला राहतो. त्यामुळे कोणी पाहुणे आले की सोरेंतो ठरलेलं, गारिबाल्दी स्टेशनहून चिर्कुमवेसुवियाना ही लोकल ट्रेन पकडायची, गर्दी सहन करायची आणि सव्वा तासात पोचायचं. सहा वेळा जाऊन आले. बोट, फूड टूर, लिंबाची बाग, कुकिंग क्लास, पोम्पेईच्या प्राचीन अवशेषांचा गाइड, सगळं स्वतःचे पैसे घालून करून झालंय.

मेमध्ये सासूबाई-सासरे आले होते. काप्री बेटाची छोट्या बोटीची टूर घेतली, माणशी ९५ युरो, चौघांचे ३८०. व्हाउचरवर मीटिंग पॉइंट काय लिहिलेला, तर नुसतं 'मरीना, सोरेंतो'. आता ज्यांनी गाव पाहिलंय त्यांना कळेल. सोरेंतोत दोन मरीना म्हणजे बोटींचे धक्के आहेत. नावाने जी 'पिकोला' म्हणजे लहान, तिथून काप्रीच्या मोठ्या फेरीबोटी सुटतात आणि जी 'ग्रांदे' म्हणजे मोठी, ती कोळ्यांची छोटीशी वस्ती आहे, होड्या आणि मासळीची हॉटेलं असलेली. काप्रीला जायचं म्हणजे पिकोला असंच कोणीही धरणार, आम्हीही तेच धरलं. पावणेनऊपासून धक्क्यावर उभे. नऊला फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणतो बोट ग्रांदेला आहे, दहा मिनिटांत या चालत.

दहा मिनिटं! गाव आहे उंच कड्यावर आणि दोन्ही मरीना खाली पाण्याजवळ, म्हणजे एकीकडून आधी वर गावात चढायचं, गाव ओलांडायचं आणि परत दुसरीकडे उतरायचं. पिकोलाच्या बाजूला कड्यातून वर व्हिला कोमुनालेच्या बागेत जाणारी लिफ्ट आहे, पैसे देऊन, ती तरी मिळाली. पण ग्रांदेच्या बाजूला उताराचा रस्ता आणि दगडी पायऱ्या. आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे दुखतात, त्या एका हाताने भिंत धरून एकेक पायरी उतरत होत्या आणि मला सांगत होत्या, तू पुढे जा, बोट थांबव. मी पळत गेले. बोट गेलेली होती. आई खाली आल्या तेव्हा एका उलट्या घातलेल्या होडीवर बसल्या आणि म्हणाल्या, जाऊ दे, समुद्र इथूनही दिसतोय. मला रडूच आलं.

कंपनीचं म्हणणं, तुम्ही आला नाहीत, रिफंड नाही. मी व्हाउचरचा स्क्रीनशॉट पाठवला, दोन्ही मरीनांचे नकाशे पाठवले, अकरा मेल झाल्या. तीन आठवड्यांनी निम्मे परत आले. १९० युरो बुडाले ते बुडालेच. तेव्हापासून माझा नियम असा की बुकिंगच्या आधी मेसेज करून तीन गोष्टी विचारायच्या: नकाशावरची पिन, जागेचा फोटो आणि तुमचा माणूस नेमका कशाशेजारी उभा असेल. जो उत्तर देत नाही त्याला पैसे द्यायचे नाहीत, मग रेटिंग कितीही असो. 'पियाझ्झा तास्सो' एवढंच लिहिलं असलं तरी विचारा, तो चौक मोठा आहे आणि सकाळी तिथे प्रत्येक गाइडच्या हातात छत्री असते.

जुलैत भाऊ आला तेव्हा काप्रीला टूरशिवाय गेलो. फेरीबोटीने काप्री, तिथून बसने बेटावरच्याच आनाकाप्री गावी, तिथून दुसरी बस थेट निळ्या गुहेपर्यंत, ग्रोत्ता अझ्झुर्रा. पायऱ्या उतरून वल्ह्याच्या होडीत बसायचं. माणशी १८ युरो तिथेच घेतले, आणि हे नीट बघून ठेवा, बोटीच्या टूरमध्येही ते पैसे बहुतेक वेळा वेगळेच पडतात. गुहेचं तोंड जेमतेम मीटरभर उंच आहे, होडीत आडवं झाल्याशिवाय आत जाता येत नाही, त्यामुळे समुद्र थोडा जरी वर उचलला तरी बंद. म्हणून सकाळी फोन करून विचारूनच निघायचं. आत पाचेक मिनिटं मिळतात. पाणी खालून दिवा लावल्यासारखं निळं दिसतं, भाऊ काहीच बोलला नाही, नुसता हात पाण्यात घालून बसला. आणि हो, काप्रीच्या बंदराचं नावही मरीना ग्रांदेच आहे, म्हणजे घोळाला अजून एक जागा.

फूड टूर ७९ युरोची, तीन तास. गाइड मुलगी गोड होती, पण हिशेब केला तर आम्ही खाल्लं काय, कागदाच्या कोनात तळलेली मासळी, एक तुकडा चीज, जेलाटो आणि व्हिया सान चेझारेओवर लिमोंचेल्लोचा म्हणजे लिंबाच्या गोड दारूचा घोट, जो त्या गल्लीत कुठलाही दुकानदार हाक मारून फुकट देतो. तिथलं सेदिले दोमिनोवाही दाखवलं, भिंतींवर जुनी चित्रं असलेली सरदारांची बैठक, जिथे आता गावातले म्हातारे पत्ते कुटत बसतात. सुंदर आहे, पण रस्त्यावरूनच दिसतं. हे सगळं स्वतः केलं तर २५ युरोच्या वर जात नाही. मला ही टूर पटली नाही आणि अजूनही पटत नाही.

मत बदललं ते सप्टेंबरात, लिंबाच्या बागेत. माझी आई आली होती, दिवेआगरची, आयुष्य सुपारीच्या वाडीत गेलेलं. माणशी ३५ युरो देताना माझा हात अडखळला होता. मालक सत्तरीचा असेल. त्याने वर बघायला सांगितलं, झाडांवर चेस्टनटच्या लाकडांचा मांडव आणि एका कोपऱ्यात मुद्दाम जुन्या पद्धतीने अंथरलेल्या गवताच्या चटया, त्यांना पाल्यारेल्ले म्हणतात. थंडी, वारा, गारा यांपासून झाड वाचतं आणि फळ उशिरा पिकतं. आता बहुतेक ठिकाणी जाळ्या आल्यात. आई लगेच म्हणाली, आपण रोपांवर झावळ्या टाकतो तसंच की. मी भाषांतर केलं तर तो थांबलाच आणि तिला विचारायला लागला, झावळी किती वर्षं टिकते, पावसात कुजते का. पुढचा अर्धा तास त्या दोघांचाच.

मग त्याने लिमोंचेल्लो कसं करतात ते दाखवलं. बोथट सुरीने साल काढली, इतकी पातळ की आतला पांढरा भाग जराही आला नाही, तो आला तर कडू होतं. फक्त साल अल्कोहोलमध्ये मुरते, नंतर साखरेचा पाक. रस त्यात पडतच नाही, हे मला सहा महिन्यांत कोणीही सांगितलं नव्हतं. उरलेल्या लिंबाच्या फोडी करून मीठ भुरभुरवून आईच्या हातात ठेवल्या. तिने बोटांचा वास घेतला आणि संध्याकाळी ट्रेनमध्येही घेत होती.

कुकिंग क्लास ठीक. न्योक्की आल्ला सोरेंतिना शाकाहारी आहे, बटाटा, टोमॅटो, मोझ्झारेला, तुळशीसारखा बासिल, पण जे कडक पाळतात त्यांनी चीजमधलं रेनेट, म्हणजे दूध गोठवायला घालतात ते, बरेचदा जनावराच्या पोटातून काढलेलं, विचारून घ्या, इथलं प्रोव्होलोने देल मोनाको चीज करडाच्या रेनेटने होतं. तिरामिसू या गोड पदार्थात कच्चं अंडं असतं. हे क्लासवाले आपणहून सांगत नाहीत.

पोम्पेईला मात्र गाइड हवाच, नाहीतर दगडच दिसतात. स्टेशनबाहेर अडवणाऱ्यांकडून घेऊ नका, अधिकृत गाइडचं ओळखपत्र गळ्यात असलेला घ्या. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजार लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा पासपोर्ट न्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट, पण सासूबाईंसारखं कोणी सोबत असेल तर त्या गर्दीत नेऊ नका.

मार्चमध्ये दीर-जाऊबाई येताहेत. बागेचं बुकिंग झालंय, बोटीचं अजून नाही. बागेच्या बुकिंगला मी नेहमीचे तीन प्रश्न विचारायच्या आतच मालकाच्या मुलीने पाठवलेला फोटो आला: हिरवं फाटक, शेजारी बसस्टॉप, आणि फाटकाशी उभे तिचे वडील, म्हणजे तिथे कोण भेटणार तेही कळलं. खाली लिहिलंय, तुझ्या आईला पण आण.