मुंबई की बडोदा? चित्र शिकायला निघालेल्यांसाठी

गेल्या रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकू लेकीला घेऊन वर आल्या. लेक बारावी झालेली, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड, काखेत पोर्टफोलिओ. प्रश्न एकच: फाइन आर्ट मुंबईत घरून ये-जा करत करावं, की बडोद्याला होस्टेलवर राहून? आमच्या इमारतीत दोन्ही केलेला माणूस मी एकटाच. पदवीची चार वर्षं डोंबिवलीहून मुंबईतल्या एका कॉलेजात जात होतो, मग एमव्हीएला, म्हणजे कलेतल्या मास्टर्सला, दोन वर्षं बडोद्यात होतो. काकूंना जे बोललो तेच जरा सावकाशीने लिहितोय. फी, जागा, प्रवेशपरीक्षा हे सगळं माहितीपत्रकात असतं, ते तिथेच वाचा.

आधी मुंबईची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. या शहरात चित्रकला वर्गाबाहेर जास्त शिकायला मिळते. जहांगीर आर्ट गॅलरीत दर मंगळवारी नवं प्रदर्शन लागतं, आत जायला पैसे पडत नाहीत. रस्ता ओलांडला की एनजीएमए, म्हणजे आधुनिक कलेचं सरकारी संग्रहालय, मागच्या गल्ल्यांत खाजगी गॅलऱ्या. आम्ही दुपारचा तास बुडवून जायचो, चित्रांपेक्षा त्यांच्या किमतींची यादी आधी वाचायचो आणि जहांगीरमधल्याच समोवार कॅफेत एका चहात तिघं बसायचो. (समोवार २०१५ मध्ये बंद झालं. आता मुलं कुठे बसतात कोण जाणे.) स्केचिंगला ससून डॉक, भाऊचा धक्का आणि व्हीटी. ज्या व्हीटीच्या बाकांवर आपण झोपलेल्या हमालांची स्केचेस करतो, तिच्या भिंतींवरची पानं-फुलं आणि प्राणी कोरण्यात जेजेच्या, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या, विद्यार्थ्यांचाही हात होता, हे मला कॉलेज संपल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर निदान मान वर करून बघितलं असतं.

शिवाय मुंबई हात पक्का करून घेते. जेजे १८५७ चं. तिथून पसरलेली पोर्ट्रेट, स्टिल लाइफ, मेमरी ड्रॉइंगची शिस्त आजही महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांत या ना त्या रूपात आहे. आमचे सर मागे उभे राहायचे, काही न बोलता पेन्सिल घ्यायचे आणि खांद्याची एक रेघ बदलून निघून जायचे. सगळं चित्र जागेवर यायचं. तो राग आणि तो धडा, दोन्ही अजून लक्षात आहेत. अप्लाइड आर्ट, म्हणजे जाहिरातीची चित्रकला, करायचं असेल तर मी मुंबईशिवाय दुसरं नाव घेणार नाही. एजन्सी इथे, काम इथे, इंटर्नशिप इथे.

मग गाडी अडली कुठे? लोकलमध्ये.

दुसऱ्या वर्षी मी तीन बाय चार फुटांचा कॅनव्हास घरी न्यायला निघालो. कॉलेजात साडेपाचला शिपाईमामा किल्ल्या वाजवत फिरायचे. आणि मोठं काम वर्गात ठेवलं तर दुसऱ्या दिवशी ते कुठल्या कपाटामागे, कोणत्या अवस्थेत सापडेल याचा भरवसा नसायचा. तैलरंग होता, ओला. जवसाच्या तेलातला रंग हाताला सुका लागायलाच चार-पाच दिवस घेतो, पावसाळ्यात आणखी. अलिझरिनचा लाल तर आठवडा उलटला तरी चिकट. साध्या डब्यात शिरणं शक्यच नव्हतं, म्हणून लगेजच्या डब्यात चढलो. घाटकोपरला एका मावशीची पाटी कॅनव्हासला घासून गेली. मावशींनी पाटी खाली ठेवली, चित्राकडे बघितलं आणि अगदी कळकळीने म्हणाल्या, ‘अरे बाळा, बाईचं नाक गेलं की!’ नाक मावशींच्या पदराला लागलं होतं. डब्यात हशा पिकला, मीही हसलो.

पण नंतर काय झालं ते बघा. पुढचा कॅनव्हास मी दोन बाय अडीचचा ताणला. त्याच्या पुढचा अठरा इंच बाय चोवीस. तैलरंग सोडून ॲक्रिलिक घेतलं, कारण ते तासाभरात वाळतं. शेवटच्या वर्षी तर कागदावरच आलो, गुंडाळी करून नळकांड्यात घालता येते म्हणून. ज्युरीला, म्हणजे कामाच्या तोंडी परीक्षेत, विचारलं तेव्हा मी छान उत्तर दिलं: मला लहान आकारातली जवळीक आवडते. सरांनी मान डोलावली. खरं कारण असं होतं की माझ्या चित्राचं माप लोकलचं दार ठरवत होतं, आणि हे मलाच कळलं नव्हतं.

कळलं ते बडोद्यात. तिथे मला स्टुडिओत एक कोपरा मिळाला. फार नाही, एक भिंत आणि खिडकीचा अर्धा भाग. पहिल्याच आठवड्यात मी हौसेने पाच बाय सहाचा कॅनव्हास ताणला, प्रायमर मारला आणि पंधरा दिवस त्याच्यासमोर नुसता बसून राहिलो. हात मनगटापासून हलायची सवय. खांद्यापासून रेघ ओढायची तर काय करायचं तेच आठवेना. ते चित्र वाईटच झालं. पण ते भिंतीवर राहिलं. कॅम्पसवर राहण्याचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा फायदा एवढाच: काम रात्रभर जिथे होतं तिथेच सकाळी असतं. जेवून परत यायचं, दिवा लावायचा, चित्र उलटं टांगून बघायचं, काही न करता झोपायला जायचं. सकाळी चहा घेऊन आलं की चूक दारातूनच दिसते. शिल्पकलेच्या मित्राला तर याहून जास्त गरज. मातीच्या डोक्यावर ओलं फडकं टाकून ठेवायचं आणि ते वाळायच्या आत पुन्हा भिजवायचं, दिवाळी असो की ताप. डोंबिवलीहून हे करून दाखवावं कोणी. एचिंग-लिथो या छापचित्रांचंही तसंच, प्रेस काही घरी नेता येत नाही.

दुसरा फरक मोजता येणार नाही, पण सांगतो. मुंबईत माझ्या चित्रासमोर उभं राहून लोक म्हणायचे, ‘मान जरा लांब झालीय.’ बडोद्यात म्हणायचे, ‘मान लांब का केलीस?’ मी म्हणायचो, चुकून. तर म्हणायचे, मग आणखी लांब करून बघ. दोन्हीत शिक्षण आहे. पण पहिल्याशिवाय थेट दुसरं मिळालं असतं तर मी बहुधा वाया गेलो असतो, हेही कबूल करतो. आणि हा अनुभव माझ्या बॅचचा; तुमच्या वाट्याला येणारे मास्तर वेगळे असू शकतात.

बडोद्याच्या या स्वभावाला इतिहास आहे. १९५० मध्ये तिथे फाइन आर्ट्स सुरू झालं ते स्वतंत्र आर्ट स्कूल म्हणून नव्हे, महाराजा सयाजीराव विद्यापीठाची एक फॅकल्टी म्हणून. त्यामुळे कलेचा इतिहास हा तोंडी लावायचा विषय राहिला नाही, त्याचा अख्खा विभाग आहे, आणि चित्रकाराला तिथे निबंध लिहावे लागतात. चित्रकला विभाग उभा केला ना. श्री. बेंद्रे यांनी, इंदूरचा आपला माणूस, शिल्पकलेला शंखो चौधरी होते, पुढे के. जी. सुब्रमण्यन आणि गुलाममोहम्मद शेख. समोर कमाटीबाग. त्यातल्या प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी हात साफ केलाय. जवळच गायकवाड राजघराण्याचं स्मारक कीर्तिमंदिर, आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं. मुंबईहून बडोद्याला चित्र शिकायला जाणं हेही काही नवं नाही, सिनेमावाले दादासाहेब फाळकेसुद्धा आधी जेजेत आणि मग बडोद्याच्या कलाभवनात शिकले.

राहण्याचं म्हणाल तर मराठी मुलाला हे परगाव वाटत नाही. दांडिया बाजारात मराठी ऐकू येतं. सकाळी सेव-उसळ मिळते, मिसळीची चुलत बहीण, गोडसर पण रागीट. डाळीतल्या गुळाची सवय मला दोन वर्षांत झाली नाही. मे महिन्यात टर्पेंटाइनचा वास आणि चव्वेचाळीस डिग्री एकत्र सोसावे लागतात. आणि नवरात्रात फॅकल्टीच्या अंगणातला गरबा. मी नाचत नाही, पण त्या नऊ रात्री स्टुडिओत थांबलो नाही.

आता दुसरं पारडंही. कॅम्पसवर चोवीस तास तीच माणसं दिसतात, आणि सहा महिन्यांत सगळ्यांची चित्रं एकमेकांसारखी व्हायला लागतात. आमच्या वर्गात एका सत्रात सात जणांच्या चित्रात खुर्ची होती, रिकामी. मीही त्यातलाच. मुंबईत लोकलमधला माणूस तुमचं चित्र बघून ‘नाक गेलं’ म्हणतो, तशी मोकळी हवा तिथे मिळत नाही. बाजार, गॅलऱ्या, ओळखी यात मी दोन वर्षं मागे पडलो, हे परत आल्यावर जाणवलं. आणि कॅम्पस म्हणजे बाहेरच्या जगापासून सुरक्षित बेट, अशी कुणाची समजूत असेल तर २००७ मध्ये तिथल्या परीक्षेच्या प्रदर्शनावरून झालेला गदारोळ जरूर वाचा. काकूंना मी आणखी एक सांगितलं: कुठल्याही कॅम्पसवर मुलीला पाठवण्याआधी होस्टेलचं दार रात्री किती वाजता बंद होतं ते विचारा. स्टुडिओ उशिरापर्यंत उघडा आणि होस्टेल नऊला बंद, असं असेल तर माझ्या वरच्या सगळ्या कौतुकाला अर्थ उरत नाही.

काकूंच्या लेकीने शांतिनिकेतनचंही विचारलं. मी तिथे फक्त डिसेंबरात नंदनमेळ्याला, म्हणजे तिथल्या कलाविद्यार्थ्यांच्या जत्रेला, गेलोय, म्हणून मत जपून देतो. रामकिंकर बैज यांचं १९३८ चं ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प तिथे उघड्यावर उभं आहे, सिमेंट आणि लाल खडीचं, आणि मुलं त्याच्या बाजूने सायकलवरून जातात, मान न वळवता. हेवा वाटला. पण घरापासून अंतर मोठं, आणि सुट्टी रविवारी नाही, बुधवारी. आई-बाबांशी फोनवर बोलायचा दिवससुद्धा जुळत नाही.

तेव्हा माझा कल कळला असेलच. घर कॉलेजच्या पंधरा मिनिटांवर असतं तर कदाचित मी हे सगळं लिहिलंच नसतं. पदवी मुंबईत आणि मास्टर्स बडोद्यात हा माझा क्रम मला मानवला, पण तो ठरवून घेतलेला नव्हता. आज अठरा वर्षांचा असतो तर पहिला अर्ज बडोद्याचा भरला असता, आणि दुसरा मुंबईचाही भरला असता, कारण प्रवेश आपल्या हातात थोडाच असतो.

निघताना तिचा पोर्टफोलिओ चाळला. हात चांगला आहे, रंगाला घाबरत नाही. सगळी चित्रं ए-थ्रीवर. मोठं काहीच कसं नाही, विचारलं. ती म्हणाली, ‘दादा, क्लासला शेअर रिक्षाने जाते ना.’