लाइट गेल्यावर सोया मेणबत्ती: कितपत कामाची?

प्रकाशाची फार अपेक्षा ठेवू नका. एका ज्योतीचा उजेड जेमतेम 12 ल्युमेन. जिना दिसतो, जेवण उरकतं, वाचायचं तर दोन-तीन लावाव्या लागतात. मागे आरसा ठेवला की बराच फरक पडतो.

जमेची बाजू म्हणजे टिकाऊपणा. तासाला साधारण 5 ते 7 ग्रॅम मेण जळतं, म्हणजे 200 ग्रॅमची बरणी तीसेक तास सहज चालते. मेण मऊ, 50 अंशांच्या आसपास वितळणारं, म्हणून ते बरणीतच येतं. मेण खाली गेलं की काचेच्या कडेची सावली पडते, हा या रचनेचा दोषच.

खरी गडबड वातीची. पहिल्यांदा लावल्यावर मेण कडेपर्यंत वितळू द्यावं. आधीच विझवली तर मधोमध खड्डा पडतो आणि पुढे वात वितळलेल्या मेणात बुडून विझते. नेमकी अंधारात! त्यामुळे नवी बरणी आधीच एकदा जाळून ठेवावी. दर वेळी वात 5 मिलिमीटरवर कापा, नाहीतर काजळी धरते. तळाशी सेंटीमीटरभर मेण उरलं की थांबा, काच तडकू शकते.

सुगंधी प्रकार बंद खोलीत डोकं उठवतात, बिनवासाचीच घ्या. मुलं, मांजर किंवा झोप असेल तिथे मात्र बॅटरीचा दिवाच बरा.