शेवग्याच्या पाल्याची पावडर: चमचाभरात डोळ्यांना किती मिळतं?

डोळ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या या पावडरीच्या बऱ्याच पाकिटांवर ‘गाजराच्या दहापट अ जीवनसत्त्व’ असं छापलेलं असतं. ही तुलना वाळलेल्या पाल्याची ओल्या गाजराशी आहे, आणि गाजरात 85 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. शिवाय गाजर 100 ग्रॅम सहज खाल्लं जातं. पावडर जाते चहाचा एक चमचा, म्हणजे 2-3 ग्रॅम. किलोभर निवडलेल्या पाल्याची पावडर पाव किलोच्या आसपास उतरते. म्हणजे चमचाभर पावडर म्हणजे जेमतेम 8-12 ग्रॅम ओला पाला. कोकणात गोकुळाष्टमीला आंबोळ्यांबरोबर जी पाल्याची भाजी होते, तिच्यात माणशी 50 ग्रॅम पाला सहज जातो.

तरी ताजा पाला जिथे मिळत नाही तिथे पावडर उपयोगी आहे, पण पारखून घ्यावी. यातलं बीटा-कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं ते द्रव्य, उजेडाने आणि हवेने उडतं. सावलीत वाळवलेली पावडर गर्द हिरवी असते. पिवळट-तपकिरी दिसली, गवतासारखा वास आला, तर उन्हात वाळवलेली किंवा जुनी समजा. पारदर्शक बरणीतली घेऊच नये. बोटांत चोळल्यावर कुसळं लागली तर दांड्या दळलेल्या आहेत. 100 ग्रॅमचं अपारदर्शक पाकीट घ्या, उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवा.

सगळ्यात मोठी चूक घेण्याच्या पद्धतीत होते. सकाळी अनशापोटी कोमट पाण्यातून घेतली की कडवट लागते आणि अंगी फारशी लागत नाही, कारण कॅरोटीन शोषलं जायला स्निग्ध पदार्थ लागतो. वरणाला फोडणी दिल्यावर गॅस बंद करून माणशी एक चमचा पावडर ढवळा, वर अर्धा चमचा तूप. थालीपीठाच्या भाजणीत वाटीला दोन चमचे घाला. तव्यावर तेल सोडलेलं असतंच. पहिल्याच दिवशी तीन-चार चमचे घेतले तर पोट बिघडू शकतं, म्हणून अर्ध्या चमच्यापासून सुरुवात बरी.

चष्म्याचा नंबर याने उतरत नाही, मोतीबिंदू विरघळत नाही. संध्याकाळी अंधुक दिसत असेल तर पावडर घेत बसू नका, नेत्रतज्ज्ञांकडे जा. मुलांना 9 महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत सरकारी कार्यक्रमात मिळणारे ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस पावडर सुरू केली म्हणून चुकवू नका. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. या पाल्यात ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि त्याने गोळीचा परिणाम कमी होतो.

दाराशी शेवगा असेल तर पाकीट घेण्याचं काहीच कारण नाही. पाला धुऊन निथळा, सुती कापडावर पंख्याखाली सावलीत तीन-चार दिवस पसरा, कुरकुरीत चुरला की दळून चाळून घ्या. ओलसर राहिला तर बुरशी धरतो.