मांजरीचं ऑपरेशन: डॉक्टरला पाच स्टार, रिसेप्शनला दीड

आमची चिंगी सात महिन्यांची झाली अन् एका रात्री असं बोंबलायला लागली की मला वाटलं गेली आता, फरशीवर लोळतेय काय, ढुंगण वर करून मागचे पाय आपटतेय काय. शेजारच्या काकू भिंतीपलीकडूनच म्हणाल्या, "माजावर आली गं ती, झोप आता."

नसबंदी करायला प्रतापनगरच्या एका क्लिनिकमध्ये नेली. डॉक्टर म्हणाले माजात ऑपरेशन केलं तर रक्त जास्त जातं, शांत झाली की आणा. आठवड्यात शांत झाली पण रिसेप्शनवाल्याने दोनदा तारीख पुढे ढकलली, फोन उचलायचा नाही अन् उचलला तर "मॅडम उद्या बघतो", तोवर बाईसाहेब परत सुरू!! डोकंच फिरलं माझं. शेवटी डॉक्टर म्हणाले आता थांबू नका, सांभाळून करतो.

पण खरी मजा ऑपरेशननंतर. मी विचारलं म्हणून त्यांनी ट्रेमधलं अंडाशय दाखवलं, राजम्याच्या दाण्याएवढं, अन् त्यावर भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पारदर्शक फुगे, दोन-तीन मिलिमीटरचे. प्रत्येकात एक अंडं. म्हणे बाईचं दर महिन्याला आपोआप सुटतं तसं मांजरीचं सहसा होत नाही, बोका भेटला की मेंदूकडे सिग्नल जातो, हार्मोन सुटतं अन् मग एक-दोन दिवसांत अंडी सुटतात. बोका नसला की हे फुगे जिरून जातात, आतलं अंडं तिथंच मरतं, अन् दोन-तीन आठवड्यांत नवीन फुगे तयार, म्हणून परत बोंब. म्हणजे रिसेप्शनवाल्याच्या कृपेने चिंगीचा अख्खा एक लॉट फुकट गेला की हो! मी हळहळले तर डॉक्टर हसले, म्हणाले पिल्लू असतानाच पोटात हजारो अंडी असतात, त्यातली बहुतेक कधी सुटतच नाहीत, वाढता वाढता विरून जातात. मला कशाला कुणी शाळेत हे असं दाखवलं नाही!

अंडाशय, गर्भाशय दोन्ही काढलं, साडेपाच हजार घेतले, टाका बारीक, एकदम साफ काम. टाका चाटू नये म्हणून गळ्यात घालायची कॉलर मात्र मोठी दिली, बिचारी वाटीत तोंडच घालू शकत नव्हती, मी घरी कात्रीने कापून लहान केली. जाणार असाल तर फोन करू नका, सरळ सकाळी दहाला जाऊन बसा, अन् गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावा, आत वळवायला जागा नाही.